साडी नेसलेला अँटेना

एका वर्षी आमच्या घरी गुढीपाडवा एकवीस दिवस चालला.

(पंचांग काढू नका. पंचांगकर्त्यांचा यात काही दोष नाही.)

ही गोष्ट सिंगापूरची, सेंगकांगमधली. मी चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात काढून पुण्यात निवृत्त झालो आणि दोन वर्षांनी ही गेली. मुलगा मंदार म्हणाला, "बाबा, तिथे एकटे काय करणार? इकडे या." म्हणून मी इकडे आलो आणि अकराव्या मजल्यावर एकटा राहू लागलो. मंदार आणि सूनबाई केतकी पाया लेबारच्या ऑफिसात, नात ईरा शाळेत आणि शाळेनंतर कसल्या कसल्या क्लासात. सकाळी साडेसातला घर रिकामं व्हायचं ते रात्री साडेआठला भरायचं. दिवसभरात माझ्याशी आपणहून बोलणारी एकच बाई होती, लिफ्टमधली. "डोअर्स क्लोजिंग," म्हणायची. एकदा मी तिला "बरं" म्हणालो, तर शेजारी उभ्या असलेल्या आईनं आपल्या पोराला जवळ ओढून घेतलं!

अशात कोह अंकल भेटले. तेही अपघातानं.

उकडत होतं म्हणून मी दार उघडं टाकून टीव्हीवर मराठी चॅनेल शोधत होतो. शोधता शोधता रिमोटचे सेल संपले आणि टीव्ही एका चिनी मालिकेवर अडकला. मालिकेत एक म्हातारी रडत होती. तिच्यासमोर तिच्या दोन सुना रडत होत्या. मागे एक नोकर उभा होता, तोही भरून आल्यासारखा दिसत होता. एवढ्यात दारातून आवाज आला, "ओ! तुम्हीपण बघता ही?"

बघतो तर शेजारच्या घरातले गृहस्थ. माझ्याच वयाचे, हाफ पँट, बनियन, हातात भाजीची पिशवी.

(आमचं सगळं बोलणं इंग्रजीत चालायचं. त्यांचं इंग्रजी सिंगापुरी, म्हणजे वाक्याच्या शेवटी आपल्या 'बरं का'सारखं 'लाह' लावलेलं, माझं सदाशिवपेठी, आणि मधली खिंड हातवाऱ्यांनी लढवलेली. इथे आपलं मराठीत सांगतो.)

आता यावर खरं उत्तर "नाही हो, सेल संपलेत" असं होतं. पण दोन महिन्यांत माझ्याकडे बघून हसलेला हा पहिला माणूस! मी म्हणालो, "हो तर! रोज! फारच आवडते मला."

"मग कळतं का?"

"थोडं थोडं," मी म्हणालो. आता म्हातारी छाती पिटत होती. तेवढं कळत होतं.

कोह अंकल चपला काढून आत आले, सोफ्यावर बसले आणि मला समजावून सांगू लागले. "ही मोठी सून. चांगली. ही धाकटी सून. डेंजर, लाह!" दुसऱ्या दिवशी सातच्या ठोक्याला पुन्हा हजर. तिसऱ्या दिवशीही. त्यांच्या घरी बहुतेक टीव्ही नसावा, असं मी धरून चाललो. बिचारे! बायको कधीच गेलेली, मुलगी ऑस्ट्रेलियात. माझ्या मनात त्यांच्याविषयी कणव दाटून आली. (स्वतःविषयी कणव वाटून घेणं आमच्या घराण्यात नाही. दुसऱ्याची मिळाली की आम्ही भागवून घेतो.)

असे आठ महिने गेले. सात ते आठ मालिका. मी पाचपासूनच तयारीला लागायचो. दाढी, धुतलेला शर्ट, बशीत चिवडा, आलं घातलेला चहा. मालिकेतलं मला ओ की ठो कळत नव्हतं आणि तो रडारडीचा आवाज तर कानाला सोसत नव्हता. पण तो एक तास कोणीतरी शेजारी बसलेलं असायचं. खरं सांगतो, त्या एका तासावर माझे उरलेले तेवीस तास उभे होते.

आणि मार्च महिन्यात टीव्ही काळा पडला.

काळ्या पडद्यावर बारीक पांढरी अक्षरं. ईरा घरी आल्यावर तिनं वाचली आणि निकाल दिला, "आबा, चॅनेल गॉन लाह."

"गॉन म्हणजे? कुठे गेलं?"

"जस्ट गॉन."

मग मंदारनं लॅपटॉपमधून डोकं न काढता समजावलं. "बाबा, इथली लोकल चॅनेल्स हवेतून फुकटच येतात. केबलवाला तीच पकडतो आणि आपल्या वायरमधून घरोघर पोचवतो. आता चॅनेलवाले म्हणतायत, आमचा माल पोचवता, तर आम्हाला पैसे द्या. केबलवाले म्हणतायत, आम्ही द्यायचे तर गिऱ्हाइकाकडून घेऊ. जुळत नाहीये, म्हणून काढून टाकलं. थोडे डॉलर जास्त भरले की दुसऱ्या पॅकेजमध्ये मिळेल. भरू का?"

दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ, असं आपल्याकडे म्हणतात. म्हणणाऱ्याकडे केबल नसणार. (कंपनीचं नाव मी घेत नाही. आमचा आता समेट झालाय.)

"भरू का" म्हणणारा मुलगा मिळायला भाग्य लागतं. मी मुकाट्यानं "भर" म्हणालो असतो तर ही गोष्टच घडली नसती. पण टेलिफोन खातं माझ्या अंगात आलं.

"हवेतून फुकट येतंय म्हणतोस ना? मग हवेतून घेऊ! चौतीस वर्षं काय मी तारा नुसत्या मोजल्या?"

दुसऱ्या दिवशी सातला कोह अंकल आले, काळा पडदा बघून काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं. मी त्यांना बोलूच दिलं नाही. "काही काळजी करू नका! दोन दिवसांत मालिका सुरू. मी इंजिनियर आहे!" त्यांनी तोंड मिटलं. ते तोंड मी त्या दिवशी उघडू दिलं असतं तर!

खालच्या दुकानातून अँटेना आणला. दिवाणखान्यात लावला, चित्र नाही. देवघरावर लावला, चित्र नाही. माळ्यावर चढून हातात धरून उभा राहिलो, तेव्हा दुपारच्या पुनःप्रक्षेपणातली म्हातारी क्षणभर दिसली. खाली उतरलो की गेली. शेवटी स्वयंपाकघराच्या खिडकीत गेलो. तिथे बाहेरच्या भिंतीला कपडे वाळत घालायच्या काठ्यांसाठी नळकांडी असतात. बांबूला धुणं अडकवायचं आणि बांबू त्यात खोचून द्यायचा. अकराव्या मजल्यावरून आपल्या गंजिफ्रॉकांचा झेंडा सगळ्या सेंगकांगला दिसतो. मी बांबूच्या टोकाला अँटेना बांधून तो बाहेर काढला मात्र, आतून धाकट्या सुनेनं किंकाळी फोडली! चित्र स्वच्छ!

पायात घोटाळणारी वायर स्वयंपाकघरातून, फ्रिजवरून, देवघराला वळसा घालून टीव्हीपर्यंत कपड्यांच्या चिमट्यांनी नीट टांगली. आणि तेवढ्यात आठवलं, लिफ्टपाशी भली मोठी सूचना लावली आहे. खिडकीबाहेर पडण्याजोगं काही ठेवाल तर याद राखा, अशा अर्थाची. कपडे चालतात. अँटेना चालेल की नाही, हे सूचनेत नव्हतं आणि विचारायची माझी छाती नव्हती. बांबू आत घेतला. चित्र गेलं.

दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता.

आमच्याकडे गुढी उभारायचं काम हिचं असायचं. माझं काम लांब उभं राहून "डावीकडे कलतेय" म्हणण्याचं. हिच्यामागे दोन्ही कामं माझ्याकडे आली होती. केतकीनं गाठी आणि कडुनिंब आदल्या दिवशीच आणून ठेवला होता. गुढीला मी हिची राणी रंगाची इरकल काढली. येताना बॅगेत तळाशी घालून आणली होती. हातात घेतली तर अजून तिला हिच्या कपाटाचा वास होता. दोन मिनिटं मी काहीच केलं नाही. आणि मग, सांगायला लाज वाटते, पण तिसऱ्या मिनिटाला माझ्या लक्षात आलं की निऱ्या घातलेल्या नऊवारीच्या आत एक अँटेना आरामात मावतो!

सगळे ऑफिसला जायच्या आधी पूजा झाली. बांबूवर साडी, साडीच्या पोटात अँटेना, वर उपडा तांब्या. मंदारला वायर दिसली नाही. मंदारला लॅपटॉपखेरीज काही दिसत नाही. केतकीला मी ती रुमाल वाळत घालायची दोरी आहे असं सांगितलं. ईराला दिसली. तिचं तोंड आइस्क्रीमनं बंद केलं.

संध्याकाळी कोह अंकल आले तो टीव्हीवर सासू टवटवीत! ते खिडकीतून बराच वेळ गुढीकडे बघत राहिले.

"हे काय?"

"आमचं नवीन वर्ष. ही माझ्या बायकोची साडी."

"ब्यूटिफुल," म्हणाले आणि हळूच मान लववली. वायरीचं मी काही बोललो नाही.

आता पेच असा, की गुढी सूर्यास्ताला उतरवायची असते. इथे सूर्य बारा महिने सव्वासातच्या सुमाराला मावळतो. आणि मालिका आठला संपते. शास्त्र आणि सासू यांच्यात पाऊण तासाचं अंतर! मी शास्त्राला म्हणालो, जरा थांब. आठ वाजता कोह अंकल गेले, तेव्हा वाटलं, आता उतरवली तर उद्या परत कुठल्या निमित्तानं उभारू?

"बाबा, गुढी अजून बाहेरच?" रात्री मंदारनं विचारलं.

"असू दे रे," मी म्हणालो. "तुझ्या आईची साडी आहे. वाऱ्यावर हलली की बरं वाटतं."

केतकीनं डोळे पुसले. मी आयुष्यात यापेक्षा मोठी थाप मारलेली नाही, आणि वाईट म्हणजे ती निम्मी खरी होती.

पाडव्याची द्वितीया झाली, तृतीया झाली. रामनवमीला केतकीच्या मैत्रिणीनं खालून फोटो काढला आणि इथल्या मराठी लोकांच्या ग्रुपवर टाकला. "सेंगकांगमध्ये गुढी अजून उभी आहे, ही कुठली पद्धत?" ग्रुपवर दोन तट पडले. एकजण म्हणाला, कोकणात असते. कोकणातला म्हणाला, आमच्यात नसते, देशावर असेल. हनुमान जयंतीला कोणीतरी केतकीला आदरानं विचारलं, "तुमच्या सासऱ्यांनी काही व्रत धरलंय का?" साखरेच्या गाठीला मुंग्या लागल्या. मुंग्यांसाठी साळुंक्या येऊ लागल्या. एका साळुंकीनं तांब्यावर बैठक मारली की चॅनेल बदलल्यासारखं चित्र थरथरायचं, म्हणून सात ते आठ मी एक डोळा सुनांवर आणि एक साळुंकीवर ठेवून बसायचो.

इतके दिवस हुलकावणी देणारा पाऊस एकविसाव्या दिवशी दुपारी आला. इथला पाऊस म्हणजे बादली उपडी करावी तसा.

हिनं जन्मभर मला एकच गोष्ट शंभरदा सांगितली होती. "अहो, ती इरकल वेगळी भिजवा हं, तिचा रंग जातो." मी जन्मभर "हो" म्हणालो होतो.

दहाव्या मजल्यावरचे दोन भाऊ तायक्वांदो शिकतात. त्यांचे पांढरेशुभ्र पोशाख आमच्या गुढीच्या बरोबर खाली वाळत होते.

संध्याकाळी सव्वासातला दारावर थाप पडली. मालिका ऐन रंगात होती. सासूनं धाकट्या सुनेपुढे कसलासा कागद ठेवला होता आणि सून पेन हातात घेऊन थरथरत होती. दारात इमारतींची देखभाल बघणाऱ्या खात्याचा एक तरुण अधिकारी, गळ्यात ओळखपत्र, हातात फोन. फोनमध्ये फोटो, दोन गुलाबी तायक्वांदोपटूंचा.

"अंकल, खिडकीबाहेर ते काय आहे?"

माझी बोबडी वळली. तेव्हा कोह अंकल उठले. ते त्याच्याशी त्यांच्या भाषेत बराच वेळ बोलले, खालच्या आवाजात, खिडकीकडे हात करून. मला अक्षर कळलं नाही, पण त्या तरुणाचा चेहरा मऊ होत गेला. त्यानं फोन खिशात ठेवला.

"काय सांगितलंत?" मी कुजबुजलो.

"मी सांगितलं, ती ह्याच्या बायकोची साडी आहे. बायको गेली. ह्याला करमत नाही, म्हणून तो ती बाहेर लावून बसतो. इतकंच."

मला कुठे तोंड लपवू असं झालं. साडीच्या पोटात काय आहे ते मलाच ठाऊक होतं!

"सॉरी, अंकल," अधिकारी अदबीनं म्हणाला. "धार्मिक गोष्टीला आमची ना नाही. फक्त सांगा, ही कधी उतरवायची असते?"

आणि मी, इतक्या आदरानं विचारल्यामुळे गहिवरून, खरं बोललो. "सूर्यास्ताला."

तिघांनीही खिडकीबाहेर बघितलं. बाहेर दिवे लागले होते.

"सन हॅज सेट, अंकल," तो म्हणाला. "मी मदत करतो."

मी नको नको म्हणेपर्यंत त्यानं बांबू आत ओढलाही. फ्रिजवरचे चिमटे एकामागोमाग एक पटापट उडाले, देवघरातली घंटा आपोआप वाजली, दिवाणखान्यात सुनेनं सही करायला पेन टेकवलं आणि टीव्ही काळा झाला. साडीच्या निऱ्या ओट्यावर सुटल्या. आतून अँटेना बाहेर आला.

अधिकाऱ्यानं अँटेनापासून फ्रिजपर्यंतची वायर नजरेनं मोजली.

"अंकल," अधिकारी शेवटी म्हणाला, "तुमच्या मिसेसना वायर का जोडली आहे?"

दंड झाला नाही. ताकीद मिळाली. मंदारनं दहाव्या मजल्यावर नवे पोशाख आणि एक डबा श्रीखंड पोचवलं. रात्री तो नुसता माझ्याजवळ बसला. लॅपटॉप आत होता. एवढ्यानं मला फारच लाज वाटली, म्हणून मी झोप आल्याचं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सातला मी चिवड्याची बशी भरून बसलो. कोह अंकल आले नाहीत. बरोबरच आहे, मालिका नाही तर येतील कशाला? तिसऱ्या दिवशी बशी भरली नाही, पण दाढी केली. चौथ्या दिवशी लिफ्टमधून उगाच दोनदा खालीवर करून आलो.

त्याच आठवड्यात केबलवाले आणि चॅनेलवाले गळ्यात गळे घालते झाले. मंदारच्या बिलात एक ओळ वाढली. बदल्यात चिनी मालिका परत आली आणि मराठी चॅनेल उचलून वरच्या महागड्या पॅकेजात गेलं. म्हणजे आता मराठी माणसाच्या घरी फक्त चिनी सासू!

बातमी सांगायला मी धावत शेजारी गेलो. आठ महिन्यांत प्रथमच. दार उघडंच होतं. आत कोह अंकल एकटे बसले होते आणि त्यांच्यासमोर भिंतभर पसरलेला टीव्ही होता. आमच्यापेक्षा दुप्पट. त्यावर फुटबॉल चालू होता, आवाज बंद.

"तुमच्याकडे टीव्ही आहे?"

"ऑफ कोर्स हॅव, लाह. सगळी चॅनेल्स आहेत."

"मग मालिका बघायला आमच्याकडे का यायचात?"

"तुम्हाला आवडते ना," ते म्हणाले. "भाषा कळत नाही तरी रोज बघता. मला वाटलं, एकट्या माणसाला कोणीतरी समजावून सांगायला हवं. मला नाही आवडत. नुसते रडतात."

"मलाही नाही आवडत!"

"मग बघत का होतात?"

"त्या दिवशी रिमोटचे सेल संपले होते!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे. आठ महिने, रोज एक तास! दोघांच्याही डोळ्यांत पाणी येईपर्यंत आम्ही हसलो, आणि मग हसू थांबलं तरी पाणी जरा रेंगाळलं. एकाला सातला यावंसं वाटत होतं, दुसऱ्याला कोणीतरी यावंसं वाटत होतं, तर सरळ "ये" म्हणायचं आणि "येतो" म्हणायचं. एवढं दोघांनाही सुचलं नव्हतं.

"मग इतके दिवस आला का नाहीत?" मी विचारलं.

"मला वाटलं, बायकोच्या साडीचं मी परक्या माणसासमोर बोललो म्हणून तुम्ही रागावलात."

"उद्या सातला या," मी म्हणालो. "टीव्ही बंद."

"टीव्ही बंद," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सातला आले. चहा झाला, चिवडा झाला. हवेबद्दल बोललो. गुडघ्यांबद्दल बोललो. त्यांच्या मुलीबद्दल, माझ्या हिच्याबद्दल. सात वाजून दहा मिनिटं झाली. कोह अंकलनी घड्याळाकडे बघितलं. मी बंद टीव्हीकडे बघितलं. दोघांनी घसे खाकरले.

"त्या धाकट्या सुनेनं," कोणीतरी चाचरत विचारलं, "कागदावर सही केली का हो?"

कोणीतरी म्हणजे मीच. उठून रिमोट दाबला. सेल संपलेले!

कोह अंकल उठले, शेजारी गेले आणि आपल्या रिमोटचे दोन सेल काढून घेऊन आले. मी ते बसवले. दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. तेव्हा त्यांनी रिमोट माझ्या हातातून घेतला, झाकण उघडलं, मी उलटे घातलेले दोन्ही सेल सुलटे केले आणि टीव्ही लावून शांतपणे विचारलं, "टेलिफोन खात्यात किती वर्षं म्हणालात?"